गरुडाची एक चिठ्ठी

त्या वर्षी वेचणीच्या दिवसांत आमच्या भागात लाल फ्लॅनेल मिळेनासे झाले. चौकातल्या दुकानातले ठाण संपले, साउथ कॅरोलायनाच्या राजधानीहून, कोलंबियाहून, आगगाडीने मागवलेले आले तसे उडाले. गोऱ्यांच्या घरोघरी बायका ओसरीवर बसून सदरे शिवत होत्या. घरात लग्न निघावे तशी घाई. माझी थोरली बहीण मिंडा मेजर लॅथ्रॉपच्या घरी शिवायला जाई. दुपारपर्यंत तिथे सुई आणि दुपारनंतर आमच्याबरोबर रानात कापूस. नव्या फ्लॅनेलचा रंग तिच्या बोटांना लागे आणि साबणाने घासला तरी जात नसे.

"जेवताना वाटतंय, कुणाचं तरी रगत भाकरीला लावून खातीया," ती म्हणे.

"मंग हात पाठीमागं धरून जेव," माझे दाजी म्हणत. "टेंपी भरवंल तुला."

टेंपी म्हणजे मी. माझा नवरा रेल्वेच्या कामावर गेला तो गेलाच. त्याचे मला फारसे काही वाटले नाही, पण एकट्या बाईला मेजर जमीन देईना, म्हणून मी बहिणीच्या घरात राहत होते. दाजींचे नाव प्रायमस. लांब हातांचे, हळू बोलणारे. मेजरची जमीन आम्ही अर्धेलीने करत होतो. कापूस आम्ही पिकवायचा, सरकी काढायला मेजरच्या जिनावर न्यायचा आणि अर्धा मेजरने ठेवून घ्यायचा. शेजारच्या खोपटात इशम आणि त्याची बायको लेव्हिनी राहत होती, त्यांचेही तेच.

सदरे कशासाठी हे कुणाला विचारायला नको होते. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. आम्ही गुलामीतून सुटल्यापासून आमची माणसे मत टाकत आली होती, आणि साउथ कॅरोलायनात डोकी आमचीच जास्त. मोजून हरवता येत नाही म्हटल्यावर गोऱ्यांनी मारून हरवायचे ठरवले. मेजरचा पुतण्या रँडल याने घोडेस्वारांची टोळी केली. लाल सदरे घालून, कमरेला पिस्तुले लावून ती दिवसाढवळ्या फिरायची. सप्टेंबरात त्यांनी आमच्या पक्षाच्या इथल्या क्लबाचा अध्यक्ष सायमन याला ओढ्याच्या उतारावर गाठले. आधी गुडघ्यांत गोळ्या घातल्या, मग त्याला माफी मागायला लावली, आणि मागून झाल्यावर तोंडात गोळी घातली. प्रेत आम्हाला उचलू दिले नाही. आमच्याकडे डुकरे मोकाट चरतात. दाजी आणि इशम यांनी शेवटी जे उरले होते ते गोणपाटात भरून आणले. त्यानंतर दाजींनी डुकराच्या मांसाला हात लावला नाही. मक्याच्या कण्या आणि काकवी, एवढ्यावर ते रानात उभे राहत.

एक दिवस मेजर घोड्यावरून रानात आला. आम्ही वेचत होतो. थंडी पडू लागली की कापसाच्या बोंडाची टोके सुयांसारखी कडक होतात आणि नखांशेजारची कातडी फाटते. सगळ्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. मेजरने घोडा थेट सरीत घातला. पिकलेली बोंडे टापांखाली गेली, ती त्याचीही होती, पण त्याला त्याचे काही नव्हते.

"ऐका रे," तो म्हणाला. "चौकातल्या पेटीत यंदा गरुडाची चिठ्ठी पडणार नाही. एकही नाही. मी जिल्ह्याला शब्द दिलाय."

आमच्या पक्षाच्या छापील चिठ्ठीवर गरुडाचे चित्र होते आणि त्यांच्या चिठ्ठीवर ताडाचे झाड. वाचता कुणाला येत होते? ज्याने त्याने आपले चित्र ओळखून घडी घालायची आणि पेटीत टाकायची.

"साहेब, आमचा वाटा..." इशम म्हणाला. छाती अधू असलेला, किरकोळ माणूस. बोलताना नेहमी हसायचा, भीती वाटली तरी हसायचा.

"कापूस माझ्या जिनात आहे, इशम. मतदान होऊ दे. मग बघू त्यात तुझा किती ते."

मेजर गेला. दाजी वाकून तुडवलेली बोंडे गोळा करू लागले. माती झटकत झटकत ते स्वतःशीच म्हणाले, "एकही न्हाई म्हणतोय."

त्या रविवारी चर्चमधली प्रार्थना संपल्यावर लेव्हिनी उठून उभी राहिली. ती हाडापेराने मोठी, आवाज असा की ओढ्यापलीकडचे खेचर कान टवकारील.

"बाप्यांना बाहीर जाऊ द्या," ती म्हणाली. "हे बायकांचं काम हाय."

पुरुष बाहेर गेले. लेव्हिनीने बायबल बाकावर ठेवले. "जो आपल्यातला त्येंच्याकडनं मत टाकंल, त्याच्या बायकोनं त्याला भाकरी द्यायची न्हाई. अंथरूण द्यायचं न्हाई. वाटंत गावला तर सोडायचं न्हाई. हात ठेवा."

पहिला हात माझ्या बहिणीने ठेवला. लाल बोटांचा हात त्या काळ्या पुठ्ठ्यावर. मीही ठेवला, माझ्याकडे घालवून द्यायला नवरा नव्हता तरी.

आठवडा संपायच्या आत इशमने लाल सदरा घातला. लेव्हिनीने सगळ्यांदेखत त्याचे अंथरूण अंगणात फेकले. तिने त्याला मारले मात्र नाही. मक्याच्या कोठीत तो झोपू लागला आणि त्याची पोरे चोरून त्याला भाजलेली रताळी नेऊन देत. लेव्हिनीला ते दिसायचे. ती तेवढ्यापुरती पाठ करून उभी राहायची.

मिंडाने एका संध्याकाळी दार लावून घेतले आणि परकराच्या आतून सदरा काढला. मेजरच्या घरी कापताना उरलेल्या तुकड्यांचा, जोडजोडून शिवलेला.

"आक्का, ह्यो कुणासाठी?" मी विचारले.

"तुझ्या दाजीसाठी."

माझ्या हातातले भांडे पडले. "बायबलावर हात ठेवलास तू!"

"ठेवला. त्येंच्याकडनं मत टाकणाऱ्याला भाकरी देणार न्हाई म्हणून ठेवला. सदरा घालणाऱ्याचं नाव कुठं घेतलं व्हतं?"

दाजी चुलीपाशी बसले होते. ते म्हणाले, "लाल सदऱ्याबिगर पेटी ठेवल्याल्या दुकानाच्या ओसरीची पायरी कुणाला चढू देणार न्हाईत, टेंपी. रँडल घोडी आडवी लावणार हाय. मंग सदरा घालूनच चढायचं. चिठ्ठी आपली टाकायची."

"आन धरलं म्हंजे?"

"धरलं तर धरलं." चुलीतले लाकूड पुढे सारत ते म्हणाले, "सायमननं माझ्या हातात पयली चिठ्ठी दिली व्हती. तवा मला गरुड म्हंजी कोंबडा वाटला. लई हसला त्यो. मेजर म्हणतोय एकही न्हाई. एक तरी पडू दे."

लेव्हिनीला सांगावे का, असा विषय निघाला. मिंडाने मान हलवली. "तिला सकाळी सांगितलं तर दुपारच्याला मेजरच्या कुत्र्याला ठाऊक हुईल. मनानं चांगली हाय, पर तिला हळू बोलता येत न्हाई." हे खरेच होते. आणि तिला सांगितले तर ती इशमला सांगणार, हेही होते.

मग आमच्या घरात एक खेळ सुरू झाला. चांगला वेचणारा माणूस एका हातात दोन बोंडांचा कापूस धरतो, पहिला तळव्यात दाबून ठेवतो आणि बोटे मोकळी ठेवून दुसरा ओढतो. दाजींचा हात त्यात तरबेज. मतदानाच्या टेबलावर त्यांच्या हातात ताडाची चिठ्ठी देणार, ती तळव्यात दाबायची आणि बोटांतून गरुडाची सोडायची. मिंडा खुर्चीवर अधिकारी होऊन बसायची आणि पुढे मडके ठेवायची.

"दिसली," ती म्हणायची. "मेलास. पुन्हा."

ते पुन्हा करायचे.

"पुन्हा मेलास. आता रँडल मला इचारंल, बाई, ह्यो असला ठोंब्या तू कशाला केलास?"

"सांग त्याला, दुसरं कोण गावलं न्हाई."

मी हसून हसून कपाळ धरायचे. त्या महिन्यात आमच्या घरात हसणे होते हे आज खरे वाटत नाही, पण होते.

दाजी मेजरकडे गेले आणि मला तुमच्यात घ्या म्हणाले. रँडलने त्यांना जिनासमोरच्या पिंपावर उभे केले आणि त्यांच्या उमेदवाराच्या नावाने जयजयकार करायला लावला. आवाज बसेपर्यंत. मग त्याने आपला बूट पिंपाच्या कडेवर ठेवला आणि म्हणाला, "धूळ बसलीय. तुझ्या नव्या सदऱ्याने पूस." दाजींनी वाकून बाहीने पुसला. रानातले सगळे बघत होते. बूट चकचकीत झाला तेव्हा रँडल म्हणाला, "दुसरा कोण पुसणार, तुझा बाप?" दाजींनी दुसराही पुसला.

संध्याकाळी लेव्हिनी आमच्या अंगणात उभी होती, मागे बाकीच्या बायका.

"मिंडे, तुझा बी तसलाच निघाला. काढ बाहीर."

मिंडाने अंथरूण आणून फेकले. दाजींनी ते झटकले आणि कडब्याच्या छपरात गेले. दव पडत होते. बायका गेल्यावर आमच्या विहिरीचा पोहरा वर काढला तर त्यात शेण होते. मिंडा पोहरा घासत बसली. घासता घासता तिने हातातल्या काथ्याच्या चिंध्या केल्या.

मतदानाच्या सकाळी पांढरे हिव पडले होते. दाजींचा अंगठा बोंडाने चिरला होता, तो आयता उपयोगाला आला. गरुडाची चिठ्ठी बारीक घडी घालून अंगठ्याला लावली आणि वरून चिंधी गुंडाळली. मिंडाच्या हाताशी होती ती फ्लॅनेलची लाल चिंधी. तीच तिने बांधली. तेव्हा ना तिच्या डोक्यात काही आले, ना माझ्या.

आम्ही बायका ओढ्याच्या उतारावर जमलो. कुणाच्या हातात खुरपे, कुणाच्या हातात कुदळीचा दांडा. मिंडाने धुणे बडवायची फळी घेतली होती. तिला न येऊन चालणार नव्हते, बायबलावर पहिला हात तिचाच होता. दाजी मागल्या पांदीने जाणार असे ठरले होते. पण पांदीत रँडलचे घोडेस्वार उभे होते आणि ते मत टाकणाऱ्यांना, लाल असोत वा नसोत, मोठ्या रस्त्याने हाकलत होते. इशमला त्यांनी आधीच घोड्यावर बसवून नेले होते. दाजी एकटे चालत आले आणि समोर आम्ही.

लेव्हिनीने त्यांना ओळखले. "आला गं. बूटपुश्या आला!"

ते थांबले. पळाले नाहीत, पळून जायचे कुठे? त्यांनी मिंडाकडे एकदा पाहिले आणि नजर खाली घातली.

पहिला दांडा कुणाचा बसला मला दिसले नाही. मग सगळ्याच तुटून पडल्या. सदरा टराटरा फाटला. जोडजोडून शिवलेला, तो जोडांवर उसवला. दाजी हात पोटाशी धरून वाकले होते, अंगठा मुठीत. कुदळीचा दांडा पाठीवर पडताना पोत्यावर पडल्यासारखा आवाज येत होता. मीही मारले. हळू मारले, पण हात उचलला, न उचलून कसे चालले असते? टेकाडावर लाल सदऱ्यांचे दोन स्वार उभे राहून बघत होते. ते मदतीला येईनात, मजा बघत होते.

तेवढ्यात लेव्हिनीने दाजींचे मनगट धरले. "बोटाला बी लालच! ह्याच्या नखातनं सुदीक काढते आज!" तिने मूठ उघडली आणि चिंधीचे टोक दातांत धरले.

मी मिंडाकडे पाहिले. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. चिंधी सुटली असती तर चिठ्ठी रस्त्यावर पडली असती, टेकाडावरच्या दोघांदेखत. मिंडा लेव्हिनीला धक्का देऊन पुढे घुसली. "सरक! माझा नवरा हाय, मी मारणार!" आणि तिने फळी दोन्ही हातांनी डोक्यावरून फिरवून दाजींच्या कपाळावर हाणली.

ते मुठीवर पालथे पडले. रक्त असे आले की लेव्हिनीसुद्धा मागे सरली. मग कुणी हात लावला नाही.

टेकाडावरचे स्वार आता आले, पाठोपाठ रँडल आला. चाबूक सुरू झाले. माझ्या पाठीवर दोन बसले, लेव्हिनीचा कान फाटला, एकीचा हात घोड्याच्या छातीखाली जाऊन मोडला. आम्ही ओढ्यात पळालो. गुडघाभर गार पाण्यातून मी मागे वळून पाहिले. रँडल दाजींना उठवून बसवत होता आणि हसत होता.

"बायकोनेच फोडला! अरे, यापेक्षा पक्का गडी कुठे मिळणार? चल, घोड्यावर बस. पेटीपर्यंत मी नेतो तुला."

आणि खरोखरच त्याने नेले. पुढचे दाजींनी सांगितले ते असे. दुकानाच्या पायऱ्यांसमोर घोडी दाटीवाटीने उभी होती आणि त्यांच्या मागे आमची माणसे, हातात चिठ्ठ्या घेऊन. कुणी पुढे सरले की त्याच्या तोंडावर घोड्याचा मागचा भाग येई. एका म्हाताऱ्याने घोड्याच्या पोटाखालून जायचा प्रयत्न केला, त्याला टापांनी मळला. आमच्या रक्षणासाठी ठेवलेले उत्तरेच्या सरकारचे निळ्या वेषातले शिपाई दूर झाडाखाली कॉफीचे आधण ठेवून बसले होते. रँडलने दाजींसाठी वाट केली. ओसरीवर इशम उभा होता. त्याने घडी घातलेली चिठ्ठी टाकली, दाजींकडे बघून नेहमीसारखा हसला आणि खाली उतरला. दाजींच्या डोळ्यात रक्त उतरत होते. टेबलावरच्या माणसाने ताडाची चिठ्ठी त्यांच्या हातात कोंबली. "टाक आणि हो बाजूला, टेबल खराब होतंय." रक्त पुसायच्या निमित्ताने दाजींनी अंगठा कपाळाला नेला आणि खाली आणताना चिंधी दातांनी ओढली. गरुड पेटीत गेला. ताड त्यांनी वाटेत चावून गिळला.

ते घरी आले आणि दाराशीच बसले. मिंडाने जखम धुतली. हाड दिसत होते.

"पडली?" तिने विचारले.

"पडली."

ती त्यांच्या गुडघ्यावर डोके ठेवून रडू लागली. दाजी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "काय हाणलंस गं. मला वाटलं, खरंच रागावलीस." मला एवढा आनंद झाला होता की मी तळाला उरलेली सगळी काकवी भाकरीवर ओतली.

पेटी संध्याकाळी लोकांसमोर उघडली. ताड, ताड, ताड. मेजर खुर्ची टाकून बसला होता, जिल्ह्याचे पाहुणे बरोबर. पार शेवटाशेवटाला मोजणाऱ्याने एक घडी उलगडली आणि तो गप्पच बसला. मेजरने हात पुढे करून ती घेतली. गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या आमच्या माणसांनी पाहिले, की मेजरची मान लाल झाली, आणि पाहुण्यांतला एक जण खाकरून म्हणाला, "एकही नाही म्हणाला होतात."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर रँडल आणि त्याचे स्वार आले. आम्ही रानात होतो. डोके फुटले म्हणून कापूस थांबत नाही, दाजी फडके बांधून वेचत होते. शेजारच्या सरीत इशम. घोडी थेट त्याच्यापाशी जाऊन थांबली.

पायरी चढलेले काळे दोघेच. त्यातल्या एकाला त्याच्या बायकोने रस्त्यात फोडलेले सगळ्यांनी पाहिले होते. दुसऱ्याच्या अंगावर ओरखडा नव्हता. त्यांचा हिशेब एवढाच होता, आणि त्यांच्या बाजूने तो बरोबरही होता.

"मी तुमचीच टाकली, साहेब," इशम हसत म्हणाला. "देवाशपथ ताडाचीच टाकली."

रँडलने नांगराची साखळी काढली. पहिल्या फटक्याला इशम सरीत बसला. तोंडावर हसू तसेच, फक्त दात लाल. तिसऱ्या-चौथ्याला त्याचा खांदा निखळून खाली लोंबला. "ताडाचीच, साहेब," तो म्हणत होता. पांढऱ्या बोंडांवर थेंब उडत होते. लेव्हिनी खोपटाकडून धावत येत होती.

दाजींनी गळ्यातली पिशवी काढून टाकली आणि सरी ओलांडली. "साहेब," ते म्हणाले. "ऐका. त्यानं न्हाई..."

मिंडाने मागून येऊन त्यांच्या तोंडावर मारले. मग जखमेवर मारले. मुठीने, पुन्हा पुन्हा, आणि तोंडाने ओरडत होती, "अजून त्येंच्याच फुडं फुडं करतोस? अजून बूट पुसायचेत? सर मागं!" फडके सुटले, दाजी डोळे फिरवून खाली आले आणि ती त्यांच्या छातीवर बसली. हाताने त्यांचे तोंड दाबून धरले.

"हिचं अजून भागलं नाही," रँडल म्हणाला, आणि बाकीचे हसले.

इशमवर झाडलेल्या गोळीचा आवाज झाला तेव्हा लेव्हिनी त्याच्यापासून दोन सऱ्यांच्या अंतरावर होती.

मला बहिणीचा राग आला. असा राग मला मेजरचाही आला नव्हता. आणि त्याच क्षणी, दाजींची छाती वरखाली होताना पाहून, बरे वाटले. दोन्ही खरे आहे.

दाजी शुद्धीवर आले ते आमच्या खोपटात. त्यांनी मिंडाचा हात कपाळावरून बाजूला केला. मग म्हणाले, "रस्त्यात मारलंस ते चिठ्ठीसाठी. रानात मारलंस ते कुणासाठी?"

"माझ्यासाठी," मिंडा म्हणाली.

 तिने कण्या आणल्या, त्या त्यांनी खाल्ल्या. खाताना तिच्याकडे पाहिले नाही.

राज्याचा निकाल कित्येक महिने लोंबकळत राहिला. कोलंबियात दोन्हीकडचे लोक आम्हीच जिंकलो म्हणून बसले होते. अखेर गरुडवाला माणूस राष्ट्राध्यक्ष झाला आणि झाल्याबरोबर त्याने आमच्याकडचे निळे शिपाई काढून घेतले. ते कॉफीच करत होते म्हणा. पण ते सगळे नंतरचे. आमची निवडणूक इशमला पुरले त्या दिवशी संपली.

प्रेत चर्चमध्ये ठेवले होते. कुणी बोलवायला लागले नाही, ओढ्यापलीकडूनही माणसे आली. सगळ्यांना कळले होते की त्या पेटीत एक गरुड निघाला, आणि तो टाकणाऱ्याला त्यांनी ठार केले. धर्मगुरू म्हणाला, की हा माणूस शत्रूचा अंगरखा घालून शत्रूच्या घरात शिरला, घरच्यांचे शिव्याशाप त्याने मुकाट सोसले, आणि एकट्याने आपले काम केले. शब्दन् शब्द खरा होता, माणूस तेवढा दुसरा. लेव्हिनी पहिल्या बाकावर ताठ बसली होती, फाटक्या कानाला टाके. पोरे तिला चिकटून होती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. तिने नवऱ्याला कोठीत झोपवले होते, हे तिला आता जन्मभर पुरणार होते. पण त्याच्या नावाने एवढी माणसे उभी राहिली होती आणि तिचा थोरला पोरगा मान वर करून बसला होता. तेवढेच तिच्याकडे होते.

खड्ड्यापाशी दाजी पुढे झाले आणि शवपेटीला हात लावू लागले. दोघांनी त्यांचा हात काढून टाकला.

"न्हाई," लेव्हिनी म्हणाली. "तुझा न्हाई लागायचा." मग ती मिंडाकडे वळली. तिचा आवाज पहिल्यांदाच हळू होता. "माझा खरा निघाला, मिंडे. आपण दोघींनी त्येला वळखलं न्हाई. तुझा काय निघाला गं?"

मिंडाचे ओठ हलले. मला वाटले, आता ही बोलणार. बोलली असती तर त्या पोराची मान खाली गेली असती, आणि संध्याकाळपर्यंत रँडल आमच्या दारात आला असता. यातले कुठले तिच्या मनात होते मला माहीत नाही.

दाजीच बोलले. डोक्यावरची टोपी काढून, सगळ्यांना ऐकू जाईल असे. "त्यानंच टाकली, लेव्हिनी. मी त्याच्या मागंच व्हतो. घडी घालताना मला दिसला, गरुड व्हता."

लेव्हिनीने त्यांच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी आले, पोरगा तिच्याकडे बघून हसला. अगदी बापासारखा. मला वाटले, झाले हे बरे झाले. दाजींनी आपले मत त्या माणसाला देऊन टाकले, आता निदान कुणाचे तरी भले होईल.

मग लेव्हिनीच्या कपाळाला आठी पडली.

"तुला दिसला," ती म्हणाली.

"व्हय."

"त्या वसरीवर आमच्यातलं दुसरं कुणी न्हवतं. तुलाच दिसला." ती एक पाऊल पुढे आली. "मंग रँडलला कुणी सांगितलं?"

  खरे सांगितले तर इशमचा मान जाणार होता, मग दाजींना काय सांगता येणार होते?

लेव्हिनीने वाकून खड्ड्याच्या काठचे ढेकूळ उचलले. ते दाजींच्या कपाळावरच्या फडक्यावर फुटले. ते हलले नाहीत, टोपी छातीशी धरून उभे राहिले. मग बाकीच्यांनी उचलली. मिंडा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, दुसरे ढेकूळ तिच्या गालावर बसले. मीही गेले. आम्ही तिघे तिथे उभे राहिलो, त्यांचे हात दमेपर्यंत, आणि मग त्यांनी आमच्याकडे पाठ करून इशमवर माती लोटली.